टपावरचे डोळे

“मामा, गाडीला नवे डोळे बसवलेत! दिवाळीला आलात की दाखवतो, बघतच राहाल.” सुरतहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. नवे डोळे म्हणजे काय, हे कळायला मला जरा वेळ लागला. जीपच्या टपावर, पुढच्या काचेच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत बसवलेली एलईडी दिव्यांची पट्टी. त्याला लाइट बार म्हणतात. आपल्याकडेही हल्ली ट्रॅक्टरवर, उसाच्या ट्रकवर आणि तरुण मुलांच्या गाड्यांवर तो सर्रास दिसतो.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, लग्न होऊन सुरतेला गेली त्याला आता तीस वर्षे होत आली. दाजी मूळचे बेळगावच्या वडगावचे. घरात साडीचे माग, तो अनुभव घेऊन ते सुरतेच्या पॉवरलूममध्ये गेले आणि उधन्याला घर केले. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागात मराठी कानावर पडतेच, पण ती बहुतेक खानदेशाकडची. आमच्या आक्काच्या घरातली भाषा मात्र वेगळीच आहे. दाजी चिडले की कन्नडमध्ये, आक्का चिडली की बेळगावी मराठीत, आणि भाचा दोघांनाही उत्तर देतो ते गुजरातीत! तो कापडाच्या एका पेढीवर हिशेब बघतो. पगारातून पैसे साठवून त्याने जुनी थार घेतली. व्यारा, सोनगड, आहवा या बाजूला डांगच्या जंगलातल्या कच्च्या वाटांवर मित्रांबरोबर गाड्या घालायच्या, हा त्यांचा पावसाळ्यातला नाद.

फोनवर मी “वा वा” म्हणालो खरा, पण पोटात गोळा आला. त्याला कारण होते. आदल्या हंगामात चिकोडीहून निपाणीकडे येत होतो. रात्रीचे नऊ वाजलेले, शेजारी बायको, मागे मुले झोपलेली. समोरून असाच बार लावलेला ट्रॅक्टर आला. मी दोनदा डिपर दिला, तिकडून काही फरक नाही. समोर नुसता पांढरा पडदा. वेग कमी केला, पण थांबलो नाही, ही माझी चूक. ट्रॅक्टर बाजूने निघून गेला आणि डोळ्यांपुढे पूर्ण काळोख. त्या काळोखातच, अगदी दहा फुटांवर, उसाने भरलेली बैलगाडी होती. मागे ना कंदील, ना लाल पट्टी. ब्रेक लागला म्हणून आज हे लिहितो आहे. गाडीवानाला तर काही कळलेसुद्धा नाही, तो आपला पुढे चालत राहिला. बायको घरी पोहोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

त्या ट्रॅक्टरवाल्याला मी मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या होत्या. आता तोच बार आमच्या आक्काच्या दारात!

सुरतेला पोहोचलो त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये प्रात्यक्षिक झाले. भाच्याने बटण दाबले आणि समोरच्या इमारतीचे तीन मजले उजळले. दाजी जिन्याच्या पायरीवर उभे होते, त्यांनी दोन्ही हात डोळ्यांवर घेतले. त्यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यात प्रखर उजेड शिरला की तो आत विखुरतो आणि सगळीकडे धुकेच दिसते. “साकु, साकु! कण्ण कुक्कतैति!” ते ओरडले. वाचकांना अर्थ सांगायची गरज नाही. भाचा मात्र खूश होता. खोक्यावर लिहिले होते, १२० वॅट, १२ हजार ल्यूमेन. किंमत दीड हजार.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक, ल्यूमेनशी माझा काय संबंध? पण निघण्याआधी आमच्या पदार्थविज्ञान विभागातल्या सहकाऱ्यांकडे हा विषय काढला होता. त्यांनी उजेड मोजायचे एक छोटे यंत्र, लक्समीटर, माझ्या हातात दिले आणि बजावले, “खोक्यावरचे वाचू नका. तीन गोष्टी बघा. बार करंट किती ओढतो, उजेड कुठे टाकतो आणि कुठे टाकत नाही.” तिसरी गोष्ट मला तेव्हा विनोद वाटली.

भाच्याला मी सरळ ‘काढून टाक’ म्हटले असते तर त्याने काढला नसता. म्हणून म्हटले, चल, तुलना करू. त्याच्या एका मित्राकडे नामांकित कंपनीचा, दहापट किमतीचा बार होता. दुसऱ्याकडे बंपरवर बसवलेले दोन छोटे चौकोनी दिवे होते, प्रत्येकी २० वॅटचे. तिन्ही गाड्या घेऊन आम्ही बारडोलीच्या बाजूला मित्राच्या शेतावर गेलो. १९२८ च्या सत्याग्रहामुळे बारडोली आपल्याला पुस्तकातून माहीत असते. तिथे सहकारी साखर कारखाना आहे आणि चौफेर ऊस आहे, हे बघून मला तर चिकोडी-अथणीच्या रस्त्यावरच आल्यासारखे वाटले. दोन्ही बाजूंना ऊस, मधून बैलगाडीची वाट, कडेला पाण्याचा पाट. माणसाचा वावर नाही.

पहिली गंमत मीटरने केली. भाच्याच्या मित्राने बारच्या वायरला करंट मोजायचा चिमटा लावला. इंजिन चालू असताना बॅटरीला साधारण १३.८ व्होल्ट मिळतात. भाच्याचा ‘१२० वॅट’चा बार २.९ अँपियर ओढत होता. गुणाकार करा, ४० वॅट! एलईडी एका वॅटमागे ढोबळमानाने शंभराच्या आसपास ल्यूमेन देतो. म्हणजे १२ हजार कुठले, ४ हजार आले तरी नशीब. आत ४० दिवे आहेत, प्रत्येक दिवा जास्तीत जास्त ३ वॅट सोसू शकतो, म्हणून खोक्यावर ४० गुणिले ३. महागड्या बारवर ९० वॅट लिहिले होते आणि तो खरोखरच सहा अँपियरच्या वर, म्हणजे ८५ वॅटच्या आसपास ओढत होता.

आता उजेड. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड, आणि लक्स म्हणजे एखाद्या जागी प्रत्यक्ष पडणारा. बादलीभर पाणी अंगणभर शिंपडले काय आणि पाइपने एका झाडाच्या बुंध्याशी सोडले काय, पाणी तेवढेच, पण झाडाला फरक पडतो. स्वस्त बारचा उजेड असाच शिंपडलेला. गाडीपुढच्या पाच-दहा मीटरमधले गवताचे पाते न् पाते मोजता येत होते, पण ५० मीटरवर लक्समीटर जेमतेम ६ दाखवत होता. महागड्या बारमध्ये मधले दिवे लांबचा झोत टाकणारे आणि कडेचे पसरट, त्यामुळे तिथेच ४० च्या आसपास. आणि दोन छोटे दिवे? जवळ काहीच भपका नाही, पण ५० मीटरवर ३०! भाच्याचा चेहरा उतरला.

यातही एक मेख आहे. गाडीत बसून पाहिले तर सगळ्यांना भाच्याचाच बार ‘पॉवरफुल’ वाटत होता. जवळची जमीन लखलखीत झाली की आपली बुबुळे आकसतात, मग लांबच्या अंधारातले आणखीच कमी दिसते. डोळा फसतो आणि वर समाधानही देतो. शिवाय उजेडाचा हिशेब सरळ नसतो. अंतर दुप्पट झाले की पडणारा उजेड चौथा हिस्सा होतो. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. माणसाने बघून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत एक सेकंद, मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५-३६ मीटर. म्हणजे ५० मीटरवरचे ज्या दिव्याने दिसत नाही, तो त्या वेगाला कुचकामीच.

मग मी म्हटले, आता मी पुढे उभा राहतो. ७०-८० मीटर चालत गेलो, काळा शर्ट होता, पाटाच्या कडेला उभा राहिलो. एकेक गाडीचे दिवे लावून मी केव्हा दिसतो ते ते बघत होते. महागड्या बारने आणि छोट्या दिव्यांनी मी लगेच सापडलो, भाच्याच्या बारने नाही. पण मला सांगायचे आहे ते माझ्या बाजूचे. टपावरून येणारा तो पांढरा लोळ डोळ्यांत शिरला की स्वतःचे पाय दिसेनात. पाटाची कड कुठे आहे कळेना. एक पाऊल मागे टाकले आणि चप्पल चिखलात गेली. दिवे बंद झाल्यावर तर आणखी वाईट. चांगले काही सेकंद मी नुसता उभा, डोळ्यांपुढे हिरवी-जांभळी पट्टी तरंगते आहे. ताशी ६० ने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. त्या ५० मीटरमध्ये एक बैलगाडी सहज मावते.

भाच्याला हाक मारली आणि म्हटले, आता तू इथे येऊन उभा राहा. तो आला. मी गाडीत बसलो, आधी स्वस्त बार लावला, मग महागडा. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, पप्पांना असं होतं काय?” मी म्हटलं, “त्यांना याहून जास्त.”

दुसऱ्या दिवशी सापुताऱ्याला गेलो तेव्हा पहाटे घाटात धुके होते. तिथे टपावरच्या बाराची उरलीसुरली अब्रू गेली. उजेड डोळ्यांच्याच उंचीवरून निघतो, समोरच्या धुक्याच्या थेंबांवर आपटून सरळ परत डोळ्यांत येतो, शिवाय बॉनेट चमकते ते वेगळेच. धुक्यात दिवा खाली, बंपरजवळ आणि आडवा पसरणारा हवा. पिवळा असावा का, यावर गाडीवाल्यांत वाद आहेत. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत मोटारींना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. पिवळा उजेड धुके भेदून जातो हे मात्र खरे नाही, धुक्याचे थेंब त्या मानाने फार मोठे असतात. निळसर पांढरा उजेड डोळ्यांना अधिक खुपतो आणि पिवळा कमी, एवढाच त्याचा खरा फायदा. एलईडीचा पांढरा मुळात निळ्यातूनच येतो. निळ्या चिपवर पिवळा लेप दिला की पांढरा मिळतो. त्या निळ्या दिव्याच्या शोधाला २०१४ चे नोबेल मिळाले. लेपात काटकसर केली की उजेड निळा पडतो, आणि गिऱ्हाईक म्हणते, काय झगझगीत आहे!

वायरिंगबद्दल थोडक्यात. दुकानातल्या पोराने भाच्याच्या बारची वायर बॅटरीपासून थेट स्विचला नेली होती, सांधे चिकटपट्टीचे. मध्ये फ्यूज नाही, रिले नाही. इन्शुलेशन घासले गेले तर गाडी पेटायला एवढे पुरते. आणि खोक्यावर आयपी ६७ असेल तर त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल एवढाच, सर्व्हिसिंगला जोराच्या फवाऱ्याने धुतले तर टिकेल असा नाही. भाच्याच्या बारमध्ये पहिल्याच पावसाने आतून घाम धरला होता.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन नियमांत दिव्याची अट मोठ्या नेमकेपणाने दिली आहे. समोर ८ मीटरवर, दिव्याच्या उजवीकडे अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला उजेडाने दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसाचीच उंची. गाडीपुढे शोधझोत लावायलाही खास परवानगीशिवाय मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने गाडीत बेकायदा फेरफार केला, तर प्रत्येक फेरफाराला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे महागडा बारही सार्वजनिक रस्त्यावर तितकाच अडचणीचा. हे सगळे दिवे जंगलातल्या वाटेचे आणि शेताचे. दुकानदार हे सांगत नाही, त्याचे काय जाते?

भाच्याने बार उतरवला. त्याजागी त्याने दोन छोटे दिवे घेतले, बंपरवर, रिले आणि फ्यूजसकट. वायरिंग अशी की डिपर मारला की तेही विझावेत. रस्त्यावर वर काळी टोपणे, जंगलात शिरताना काढायची. टोपणे काढायला विसरतो म्हणून मित्र हसतात, तो म्हणतो, हसू द्या. दाजी आता त्याच्याबरोबर रात्री गाडीत बसतात.

उतरवलेला बार मी बेळगावला घेऊन आलो. गावाकडे आईच्या गोठ्यात, लाइट गेल्यावर उपयोगी पडेल म्हणून, जुन्या बॅटरीवर जोडला. पहिल्याच रात्री म्हशीने दावे तोडायचे बाकी ठेवले. आई गोकाकच्या बाजूची, तिने क्षणभर बघितले आणि म्हणाली, “अप्पा, त्याचं तोंड भिंतीकडं कर की.” भिंतीकडे केले. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवरून सगळ्या गोठ्यात बेताचा उजेड पसरला, आणि म्हैस रवंथ करायला बसली.