मोटारीतील खर्ज आणि त्याची पेटी

सुटा ध्वनिक्षेपक टेबलावर ठेवून वाजविला, तर गाण्याचे शब्द ऐकू येतात, पण डग्ग्याची घुमक जवळजवळ नाहीशी होते. दोष ध्वनिक्षेपकाचा नसतो. त्याचा शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाच्या लहरी फार लांब. सेकंदास ४० कंपनांच्या स्वराची लहर सुमारे साडेआठ मीटर भरते. अशी लहर शंकूच्या कडेला सहज वळसा घालते, आणि मागची विरळता पुढचा दाब गिळून टाकते. ही भेट टाळण्यासाठी पेटी लागते. मोटारीत मंद्र ध्वनिक्षेपक, म्हणजेच सबवूफर, बसविताना पुष्कळजण शंकूचा व्यास आणि वॅटचा आकडा तेवढा पाहतात. वस्तुतः अर्धे वाद्य ती पेटीच होय.

सर्वांत साधी पेटी हवाबंद. तीत कोंडलेली हवा स्प्रिंगप्रमाणे शंकूस सावरते. १९५४ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे एडगर व्हिल्चर यांनी या हवेच्या स्प्रिंगवरच विसंबणारा ध्वनिक्षेपक तयार केला, आणि कपाटाएवढ्या पेटीचे काम पुस्तकांच्या फळीवर मावू लागले. मात्र पेटी जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग ताठ. समजा, एका ध्वनिक्षेपकाची मोकळ्या हवेतील स्वाभाविक कंपनसंख्या ३० आहे, आणि त्याच्या शंकूची लवचिकता ६० लिटर हवेइतकी आहे. (ही दोन्ही माने उत्पादकाच्या पत्रकात असतात.) ६० ला पेटीच्या घनफळाने भागावे, १ मिळवावा, वर्गमूळ काढावे आणि त्याने ३० ला गुणावे. २० लिटरच्या पेटीत कंपनसंख्या ६० येते. ४० लिटरच्या पेटीत सुमारे ४७. तिच्याखाली आवाज झपाट्याने ओसरतो : कंपनसंख्या निम्मी झाली, की ध्वनिदाब चौथाईवर येतो.

घरात हा तोटा खराच. मोटारीत मात्र निराळा चमत्कार घडतो. आतली पोकळी २.८ मीटर लांब असेल, तर सेकंदास सुमारे ६० कंपनांखालील स्वराची अर्धी लहरदेखील तीत मावत नाही. मग साऱ्या पोकळीतील हवा एकदमच दाबली वा विरळ केली जाते, जणू शंकू हा पंपाचा दट्ट्याच. तत्त्वतः कंपनसंख्या निम्मी होताच दाब चौपट वाढतो; म्हणजे बंद पेटीने गमावलेले मोटार परत करते! पत्रा लवतो, फटींतून हवा निसटते, त्यामुळे प्रत्यक्षातील लाभ कमी असतो. तरीही तो कानांस स्पष्ट जाणवतो.

दुसरी पेटी नळीची. नळीतील हवा ठराविक स्वरास स्वतःच डोलू लागते, आणि तेवढ्याच विजेत अधिक खर्ज मिळतो. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये अशा पेट्यांचे गणित मांडले. त्यापूर्वी बरेचसे काम अंदाजाने चाले. पण त्या स्वराखाली शंकूमागचा हवेचा आधार सुटतो. शंकू भलताच हेलकावतो, प्रसंगी फाटतो. आवाजही निम्म्या कंपनसंख्येस सोळाव्या हिश्श्यावर घसरतो. म्हणून ज्यास मोठा आवाज हवा आणि जागेची अडचण नाही, त्यानेच ती निवडावी, आणि अतिमंद स्वर विद्युत्‌मंडलातच अडवावेत. लहान मोटारीत बंद पेटीच सरस.

घनफळ मोजताना आतील मापे घ्यावीत, आणि लोहचुंबक व आधारपट्ट्या यांनी व्यापलेली जागा वजा करावी. बंद पेटीचे सांधे तपासण्याची युक्ती सोपी आहे. एखादा खर्ज स्वर वाजता ठेवून उदबत्ती सांध्यांवरून हळूहळू फिरवावी. धूर जेथे थरथरेल, तेथे फट आहे.