रयतेच्या घरातील वहिनी

ज्या घरात दोन वेळा पाच-पन्नास पाने मांडली जातात, त्या घराचा हिशेब नेहमीच्या वहीत मावत नाही. वाढत्या वयाचा मुलगा एका बैठकीस दोन ते तीन भाकऱ्या सहज खातो. उदाहरणादाखल पन्नास मुले धरली, तर दिवसाकाठी अडीचशे भाकऱ्या होतात. त्यासाठी रोज पंचवीस-तीस किलो ज्वारी दळून यावी लागते आणि महिन्याकाठी आठ-नऊ पोती लागतात. त्याशिवाय डाळ, तेल, मीठ, मिरची आणि सरपण हवेच. धान्याच्या व्यवहारात जन्म गेलेल्या वाचकांना या आकड्यांचे वजन वेगळे समजावून सांगावयास नको. एवढे धान्य आणावयाचे, पण मुलांकडून मोबदला घ्यावयाचा नाही आणि घरच्या कर्त्याचा पाय घरात ठरावयाचा नाही, अशा स्थितीत साताऱ्यातील एका श्राविकेने काही वर्षे हा प्रपंच चालविला. तिचे नाव लक्ष्मीबाई भाऊराव पाटील.

कर्मवीर भाऊराव पाटील हे नाव महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही असे नाही. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले. शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून इतके सर्वांनी वाचलेले असते. त्या संस्थेचा पहिला स्वयंपाक कोणाच्या हातचा होता, हे मात्र पुस्तकांत एखाद्या ओळीतच आटोपते.

लक्ष्मीबाईही कुंभोजच्याच. बाहुबलीच्या डोंगराला वळसा घालून गेलेल्या प्रत्येक यात्रेकरूने हा परिसर पाहिलेला असेल. पाटीलकीचे, खात्यापित्या घराचे माहेर. त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयातच त्या सासरी आल्या, त्या अंगभर सोने लेवून. घरात देवदर्शन, व्रते, सोवळेओवळे यांची शिस्त होती आणि तीच त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. पुढे आपल्या चुलीभोवती अठरापगड जातींची मुले बसतील, असे त्या वयात त्यांना कोणी सांगितले असते, तर त्यांचा विश्वास बसला नसता.

संसाराची सुरुवातही सुखाची नव्हती. १९१४ मध्ये कोल्हापुरात गाजलेल्या डांबर प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास भाऊरावांनी नकार दिला. त्यापायी त्यांना कोठडीत छळ सोसावा लागला आणि त्या यातनांतून सुटण्यासाठी त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. तरुण पत्नीने ते दिवस कसे काढले असतील, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. त्यानंतर भाऊराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून खेडोपाडी हिंडले. फिरतीचा विक्रेता घरात नसतो, हे व्यापारी घरातील स्त्रियांना वेगळे सांगावे लागत नाही. नांगर विकताना भाऊरावांनी शेतकऱ्यांची दैना जवळून पाहिली. अक्षरशत्रू कुळाला सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हेसुद्धा वाचता येत नव्हते. परतताना ते कधी ऑर्डरी घेऊन येत, तर कधी एखादे हुशार, पण घरचे दारिद्र्य असलेले पोर.

ते पोर मग लक्ष्मीबाईंचे होई.

मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशा साऱ्या घरांतील मुले तेथे होती. त्यांना एका छताखाली ठेवणे ही त्या काळी केवळ उदारपणाची बाब नव्हती. तो उघड सामाजिक धक्का होता. गावकीला एक वेळ भाषण चालत असे, पण पंगत चालत नसे. पंगतीचा प्रश्न शेवटी स्वयंपाकघरातच सुटतो किंवा अडतो, आणि तेथे भाऊरावांचे तत्त्वज्ञान एकट्याने पुरे पडणारे नव्हते. गृहिणीने पाण्याच्या घागरीजवळ कोणाला येऊ द्यावयाचे, कोणाचे डोके न्हाऊ घालावयाचे, कोणाच्या खरजेला औषध लावावयाचे, कोणाला तापात मांडीवर घ्यावयाचे, यांवरच सारे अवलंबून होते. सोवळ्यात वाढलेल्या या बाईने हळूहळू ते सोवळे बाजूस ठेवले. हा बदल एका रात्रीत झाला असे कोणी सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. संस्कार इतक्या सहज सुटत नसतात. रोजच्या राबण्यातून, आजारी मुलाच्या उशाशी जागून तो घडला आणि म्हणूनच टिकला.

मुले भाऊरावांना अण्णा म्हणत आणि लक्ष्मीबाईंना वहिनी. आई म्हणावयाचे सोडून वहिनी का, असा प्रश्न पडेल. अण्णा म्हणजे थोरला भाऊ, आणि थोरल्या भावाची बायको ती वहिनी, हा दक्षिण महाराष्ट्रातील एकत्र कुटुंबाचा सरळ हिशेब होता. आईवडील नसलेल्या किंवा दूर असलेल्या मुलालाही त्या हाकेने थोरल्या घरात आपली जागा मिळे. लक्ष्मीबाईंची स्वतःची लेकरेही त्याच घरात वाढत होती.

मुलांना फुकट खाण्याची सवय मात्र लावावयाची नाही, असा अण्णांचा दंडक होता. पाणी भरणे, लाकूडफाटा आणणे, शेतात खपणे, स्वयंपाकात हात लावणे ही कामे मुले करीत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे वाक्य पुढे सर्वत्र झळकले, परंतु त्याची तालीम या घराच्या अंगणात झाली. तरीही एवढ्या मुलांच्या कामाची वाटणी लावणे, भांडणे मिटविणे, कोण उपाशी निजला आणि कोण रुसून बसला हे ओळखणे, ही कामे वेळापत्रकात लिहिता येत नाहीत. ती वहिनींकडे राहिली.

आणि धान्य?

देणग्या येत असत, पण अनियमित. कोणी धान्य देई, कोणी चार रुपये देई, कोणी नुसतेच आश्वासन देई. दुकानदाराची उधारी एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, हे त्या व्यवहारात असणाऱ्यांना ठाऊकच आहे. अशा वेळी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने एकेक करून काढून दिले. पाटल्या गेल्या, गोठ गेले, गळ्यातले गेले. अण्णा परगावी असताना घरात धान्याचा कण उरला नाही, तेव्हा मंगळसूत्रही त्या घरासाठी गेले, ही हकीकत रयतेच्या परिवारात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते.

येथे थोडे थांबून विचार करावयास हवा. आपल्या घरांतून सोने ही केवळ हौस नसते. धंदा बुडाला, दुष्काळ पडला, कर्ता पुरुष गेला, तर उभे राहण्याचा तो शेवटचा आधार असतो. शिवाय स्त्रीधन हे स्त्रीचे स्वतःचे असते, त्यावर नवऱ्याचा अधिकार चालत नाही. म्हणूनच लक्ष्मीबाईंच्या त्यागाची गोष्ट सांगताना ‘पतीच्या कार्यासाठी’ असे जे म्हटले जाते, ते अपुरे वाटते. निदान मंगळसूत्राच्या प्रसंगी पती घरी नव्हता. समोर भुकेली मुले होती, आणि निर्णय घर सांभाळणाऱ्या बाईचा होता. सुवासिनीने गळा मोकळा ठेवणे हे त्या काळी अशुभ मानले जाई. शेजारणी काय म्हणतील, माहेरी काय कळेल, हे सारे त्यांना ठाऊक असणारच. तरीही संध्याकाळची चूल पेटली.

आपल्या परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. पर्युषणात आणि दशलक्षण पर्वात त्यांवर प्रवचने होतात. साताऱ्याच्या या घरात ती चारही एकाच छपराखाली चालत होती, आणि दात्यांच्या यादीत वहिनींचे नाव कोठे कोरलेले नव्हते.

या घराच्या वाट्याला एक मोठा अभिमानाचा दिवस लक्ष्मीबाईंच्या हयातीतच आला. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एकत्र राहतात, एकत्र जेवतात, हे पाहून गांधीजी प्रभावित झाले. पाहुणे निघून गेल्यावर रात्री पुन्हा तेवढ्याच भाकऱ्या लागल्या असतील, हे सांगण्यास पुरावा लागत नाही.

त्यानंतर अवघी तीन वर्षे. १९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. वयाची चाळिशीही त्यांनी गाठली नव्हती. संस्था तेव्हा लहान होती, तिचे भवितव्य कोणी सांगू शकत नव्हते. सोने संपलेले होते, आणि ज्यासाठी ते संपले, ते पिकून हाती येण्यास अजून अवकाश होता.

पिकले ते नंतर. १९३५ मध्ये साताऱ्यात संस्थेचे अध्यापक विद्यालय निघाले. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत निवासी हायस्कूल सुरू झाले, आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. कष्ट करून शिकणारी मुले शिक्षक झाली, वकील झाली, अधिकारी झाली. याच परिवारात घडलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी. लिट. दिली, त्याच वर्षी ‘पद्मभूषण’ किताब मिळाला, आणि ९ मे १९५९ रोजी अण्णाही गेले. मोठ्या घरातील आईच्या वाट्याला मुलांच्या परीक्षा, नोकऱ्या, लग्ने, सत्कार असे अभिमानाचे जे प्रसंग येतात, त्यांतला बहुतेक एकही वहिनींनी पाहिला नाही.

साताऱ्यात आजही हे बोर्डिंग धनिणीच्या बागेत आहे. जागेचे हे नाव फार जुने, त्याचा लक्ष्मीबाईंशी संबंध नाही. तरी तेथे गेलेल्या माणसाला ते नाव ऐकून क्षणभर त्यांचीच आठवण होते. त्यांच्या पश्चात त्यांच्या नावाने मुलींचे वसतिगृह निघाले, आणि रयतेच्या मुलामुलींच्या पुढील शिक्षणासाठी एक निधीही उभा राहिला. ज्या घरात गळ्यातले काढून ज्वारी आणली गेली, त्या घरातील पुढच्या पिढ्या त्या निधीतून पैसे घेऊन शिकल्या.