संगणक अडला म्हणून पोरांनी का अडावे?

चौदा ऑक्टोबर या तारखेची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावी लागत नाही. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो बांधवांना दिली, तो हा दिवस. २०२५ साली याच तारखेला आणखी एक गोष्ट घडली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० साठी नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले. घरोघरचे संगणक त्या दिवशी बंद पडले नाहीत, चालतच राहिले. पण दाराची कडी हळूहळू सैल होत जावी तशी त्यांची गत सुरू झाली.

ज्यांच्या हातात पैसा होता त्यांनी नवे यंत्र घेतले. सोमेश्वरनगरसारख्या ठिकाणी साखर कारखान्यात, शेतात, दुकानात राबणाऱ्या घरांना ते कसे परवडणार? मग पुण्याहून जुना मदरबोर्ड आणायचा, ओळखीच्याकडून रॅम घ्यायची, एसएसडी तेवढी नवी घ्यायची आणि घरीच पेटी उभी करायची. इथल्या काकडे महाविद्यालयात किंवा बारामतीला विद्या प्रतिष्ठानात शिकणाऱ्या मुलामुलींचा अभ्यास मोबाईलच्या टीचभर पडद्यावर किती दिवस भागणार?

पेटी उभी राहते, पंखा फिरू लागतो. प्रणाली टाकायला घेतली की अर्ध्या वाटेवर पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटते आणि सगळे घर गप्प होते. वडील विचारतात, "बिघडला का गं?" मुलगी हळूच म्हणते, "माझ्याच हातून काहीतरी झालं असेल." आम्हाला काळजी वाटते ती या उत्तराची. यंत्र दुरुस्त होते. "हे आपले काम नव्हे" असे एकदा पोरीच्या मनाने घेतले की ते काढायला वर्षे जातात.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले होते? ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या. झाकण न उघडताच कोणी "बोर्ड गेला" म्हणाले तर त्यालाही हीच कसोटी लावावी. पडद्यावरची ओळ हा शाप नाही. तिला कारण असते आणि ते बहुतेक वेळा शोधता येते. त्यासाठी एक शंभर पानी वही घ्या. संदेश जसाच्या तसा उतरवा, मोबाईलने फोटो काढा, आणि एका वेळी एकच बदल करून पाहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर काम झाले तरी कशाने झाले ते कळत नाही.

सुरुवात पेटीच्या आतून करावी. गळीत हंगामात कारखान्याच्या आसपास वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते, तशीच ती पेटीतही बसते. संगणक बंद करा, वायर भिंतीतून काढा, हात धातूच्या पेटीला लावून मग आत घाला. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने हलके पुसा आणि दोन्ही टोकांना 'खट्' आवाज येईपर्यंत बसवा. एवढ्यावरच कित्येक मुके संगणक बोलू लागतात.

पुढची अडचण पेन ड्राईव्हची. आठ जीबी किंवा मोठा पेन ड्राईव्ह लागतो. त्यावर विंडोजची उतरवून घेतलेली एकच मोठी फाईल नुसती कॉपी करून चालत नाही. मीडिया क्रिएशन टूल किंवा रूफस यासारख्या साधनाने तो 'बूट' होण्याजोगा करावा लागतो. मग संगणक सुरू होताना बूट मेनूची कळ दाबायची. कुठे एफ १२, कुठे एफ ११, कुठे एफ ८, बोर्डाच्या कंपनीप्रमाणे ती बदलते. त्या यादीत एकच पेन ड्राईव्ह कधीकधी दोनदा दिसतो, त्यापैकी एका नावामागे 'यूईएफआय' असते. विंडोज ११ साठी तेच निवडा. 'या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, डिस्क जीपीटी प्रकारची आहे' असा संदेश येतो तो बहुधा दुसरे नाव निवडल्यामुळे. डिस्क एमबीआर प्रकारची निघाली तर ती बदलून घ्यावी लागते, आणि साध्या मार्गाने बदलताना तिच्यावरचे सगळे पुसले जाते. म्हणून जुन्या डिस्कवर जयंतीचे फोटो, दाखले, आजोबांच्या आवाजातली एखादी नोंद असेल तर ती आधी दुसरीकडे ठेवा. इथे घाई केलेली परत मिळत नाही.

'हा संगणक विंडोज ११ चालवू शकत नाही' हा संदेश सर्वांत जास्त घाबरवतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय, सिक्युअर बूट, किमान चार जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. घरी जोडलेल्या पेटीत ही सोय पुष्कळदा असते, पण बायोसमध्ये बंद असते. इंटेलच्या बोर्डावर तिला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. ती चालू केली की तोच संगणक मुकाट्याने पुढे सरकतो. मात्र प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर तो साधारणपणे कंपनीच्या यादीत बसत नाही. अट चुकवण्याच्या युक्त्या लोक सांगतात, पण अशा संगणकाला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. जुनी पेटी विकत घेण्याआधीच प्रोसेसरची पिढी विचारलेली बरी.

डिस्क दिसतच नाही, असेही होते. साटा वायर दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवा. एम.टू प्रकारची चपटी एसएसडी असेल तर बोर्डाची माहितीपुस्तिका पाहा. काही खाचांत फक्त एनव्हीएमई चालते, साटा जातीची पट्टी बसते पण दिसत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही संगणकांत व्हीएमडी नावाची सोय चालू असते, तेव्हा डिस्क दिसण्यासाठी वेगळा ड्रायव्हर द्यावा लागतो.

फाईली वाचता येत नाहीत म्हणून ०एक्स८००७०५७० किंवा ०एक्स८००७०२५डी असा आकडा आला तर लगेच डिस्क फेकू नका. पेन ड्राईव्ह खराब असेल, फाईल अर्धवट उतरली असेल किंवा रॅम दगा देत असेल. दुसरा पेन ड्राईव्ह घेऊन पाहा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. मेमटेस्ट८६+ हे मोफत साधन रात्रभर चालू ठेवले तर सकाळी पट्टीचा खरेखोटेपणा समोर येतो. लाल ओळी दिसल्या तर ती पट्टी विकणाऱ्याकडे परत न्यावी.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. सगळे नीट होते, संगणक पुन्हा सुरू होतो आणि पहिल्यापासून सगळे विचारू लागतो. कितीही वेळा करा, तेच. घाण्याच्या बैलासारखे गोल गोल! कारण एवढेच की पेन ड्राईव्ह अजून लावलेलाच असतो आणि यंत्र पुन्हा त्यावरूनच सुरू होते. पहिल्यांदा पुन्हा सुरू होताना तो काढून घ्या.

शेवटच्या टप्प्यावर विंडोज ११ इंटरनेट मागते आणि नेमका वायफायचा ड्रायव्हर नसतो. मोबाईल वायरने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू केले की बहुधा काम भागते. तारीख दर वेळी जुन्या वर्षाची दिसत असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल बदला. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत.

एवढे करूनही पैसे आडवे येतात, आणि कोणीतरी 'क्रॅक' केलेले विंडोज फुकट टाकून देतो म्हणतो. तो आधी व्हायरसविरोधी संरक्षण बंद करायला लावतो, यातच सगळे आले. ज्या संगणकावरून शिष्यवृत्तीचा अर्ज आणि बँकेचे व्यवहार होणार, त्याच्या किल्ल्या अनोळखी हातात का द्यायच्या?

त्यापेक्षा लिनक्स पाहा. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला आणि जगाला खुला केला. लिनक्स मिंट ही प्रणाली चार जीबी रॅमवर सुखाने चालते, पैसे लागत नाहीत, आणि टाकण्याआधी पेन ड्राईव्हवरूनच चालवून पाहता येते. याचा दुसराही उपयोग आहे: मिंट पेन ड्राईव्हवरून नीट चालली आणि तिला डिस्क दिसली, तर बोर्ड मेलेला नाही एवढे तरी सिद्ध होते. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली केली आहे. इन्स्क्रिप्टचा मराठी कळफलक दोन्हीकडे सारखाच चालतो. लिनक्स सगळ्यांना पुरेल असे मात्र आम्ही म्हणणार नाही. टॅली किंवा ऑटोकॅड शिकणाऱ्याला विंडोज लागतेच. पत्र, प्रकल्प, अर्ज आणि व्याख्याने यांसाठी लिनक्स पुष्कळ.

दोन कामे मात्र घरी करू नयेत. वीजपुरवठ्याची बंद डबी, म्हणजे एसएमपीएस, कधी उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात धोक्याइतकी वीज साठून राहते. आणि पेटीला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर आधी घरच्या वायरिंगचे अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे.

दुकानात जायची वेळ आलीच तर ती वही सोबत न्या. कोणता संदेश, कोणत्या दिवशी, काय बदलल्यावर आला, हे मुलीलाच सांगू द्या. वडिलांनी शेजारी उभे राहावे. बदललेल्या प्रत्येक भागाचे बिल अनुक्रमांकासह मागून घ्यावे, जुना भाग परत घ्यावा, आणि बिलाचा फोटो त्याच वहीत चिकटवावा.