ज्यू तरुणांसाठी शिष्यवृत्ती, इंटर्नशिप कुठे?

मंडणगड तालुक्यातून बाणकोटची खाडी ओलांडली की रायगडचा किनारा लागतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, म्हणजेच बेने इस्रायल ज्यू, याच किनाऱ्यावरचे. पुढे बहुतेक कुटुंबे मुंबई-ठाण्यात किंवा इस्रायलला गेली. या समाजातील तरुणांना आज कोणत्या संधी आहेत?

शिष्यवृत्ती : महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. केंद्राच्या यादीत मात्र मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन हे सहाच समाज आहेत. त्यामुळे योजना राज्याची की केंद्राची, हे अर्जापूर्वीच तपासा. राज्याच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा अर्ज ‘महाडीबीटी’ पोर्टलवर करता येतो.

इंटर्नशिप : २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘मासा’ उपक्रमातून इस्रायलमध्ये काही महिने राहून शिक्षण, इंटर्नशिप किंवा स्वयंसेवा करता येते. त्यासाठी तिथे स्थायिक होण्याची अट नाही. ‘बर्थराइट’ हा मात्र साधारण १० दिवसांचा ओळख दौरा आहे. त्याला कामाचा अनुभव समजू नका.

सेवा : त्यासाठी परदेशीच जावे लागते असे नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई’तून परदेशातील ज्यू तरुणच कळव्याच्या वस्तीत मुलांच्या शिक्षणासाठी काम करायला आले. इथल्या तरुणांकडे तर मराठी आहे, तीच त्यांची जमेची बाजू.