दातांची जडणघडण : पाया मातेच्या आहाराचा

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील म्हसावद हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. या डोंगराळ परिसरात बालकांचे पोषण हा दीर्घकाळ चिंतेचा विषय राहिला आहे. पोषणाची पाहणी करताना बालकाचे वजन, उंची आणि दंडाचा घेर मोजला जातो. तथापि, बालपणीच्या पोषणाची आणखी एक नोंद शरीरात कायमची राहते. ती नोंद म्हणजे दात.

आरंभ गर्भावस्थेत

बाळाचा पहिला दात साधारणतः सहाव्या महिन्यात हिरडीतून डोकावतो, म्हणून दातांची वाढ तेव्हा सुरू होते असा समज आहे. वस्तुतः गर्भ सहा आठवड्यांचा असतानाच त्याच्या जबड्याच्या कडेने पेशींची एक पट्टी तयार होते. या पट्टीवर ठिकठिकाणी कोंब फुटतात. प्रत्येक कोंब प्रथम कळीसारखा, मग टोपीसारखा आणि शेवटी घंटेसारखा आकार धारण करतो. घंटेच्या आतील अस्तरातून दाताचे कठीण आवरण घडते, तर तिच्या पोकळीतील पेशीसमूहातून दाताचा गाभा तयार होतो.

गर्भाच्या चौथ्या महिन्यात दुधाच्या दातांत खनिज क्षार साचू लागतात. जन्माच्या सुमारास कायमच्या पहिल्या दाढेतही हे कार्य सुरू होते, जरी ती दाढ तोंडात येते सहाव्या वर्षी! अडीच ते तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीस दात येतात. पुढे कायमच्या दातांची संख्या बत्तीस होते.

सूक्ष्मदर्शकाखाली

दाताचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता त्याचे थर स्पष्ट दिसतात. सर्वांत बाहेरचा थर दंतवल्काचा, म्हणजेच एनॅमलचा. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ असून त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. सुमारे ५ मायक्रॉन जाडीचे असंख्य दांडे एकमेकांना खेटून हा थर बनतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

त्याखाली दंतिन असते. त्यात खनिजांचे प्रमाण सुमारे ७० टक्के असल्याने ते काहीसे लवचिक असते व वरच्या ठिसूळ दंतवल्काला आधार देते. दंतिनातून हजारो सूक्ष्म नलिका आतील गराकडे जातात. कीड दंतिनापर्यंत पोहोचली की थंड पाण्याची कळ जाणवते, ती या नलिकांमुळेच. मधल्या गरात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. मुळावर हाडासारख्या पदार्थाचा पातळ लेप असतो आणि त्यात रुतलेले तंतू दाताला जबड्याशी बांधून ठेवतात.

या थरांमध्ये एक महत्त्वाचा भेद आहे. दंतिन घडविणाऱ्या पेशी गराच्या कडेला आयुष्यभर जिवंत राहतात व गरजेनुसार थोडे नवे दंतिन तयार करतात. दंतवल्क घडविणाऱ्या पेशी मात्र दात उगवताना नष्ट होतात. लाळेतील क्षार व फ्लोराइड यांमुळे पृष्ठभागावरील अगदी आरंभीची झीज भरून येऊ शकते; परंतु गेलेले दंतवल्क पुन्हा निर्माण होत नाही.

दातांतील दैनंदिनी

दंतवल्क दररोज सुमारे ४ मायक्रॉन वाढते आणि या वाढीच्या बारीक रेषा छेदात दिसतात. दुधाच्या दातांत जन्माच्या वेळची एक ठळक रेषाही आढळते. मातेचे कुपोषण, अकाली प्रसूती, गोवरासारखा तीव्र ज्वर किंवा दीर्घकाळचे जुलाब यांमुळे या कामात खंड पडला, तर दंतवल्क पातळ राहते, त्यावर खळगे वा आडव्या खाचा पडतात. अशा दातांना कीड लवकर लागते.

ही नोंद हजारो वर्षे टिकते. शहादा तालुक्यातीलच प्रकाशे येथे १९५५ मध्ये झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. त्याच युगातील पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन महाविद्यालयाने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे घरांच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेल्या बालकांचे अवशेष मिळाले. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी त्यांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास करून दंतवल्कातील दोषांची नोंद केली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या बालकांचे हाल आज त्यांच्या दातांवरून वाचता येतात.

दंतरक्षणाची खरी वेळ

यावरून दंतरक्षण गर्भारपणातच सुरू झाले पाहिजे, हे उघड होते. ज्वारी-मक्याच्या भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, दूध व अंडी मातेच्या आहारात असावीत. राज्याच्या अनुसूचित क्षेत्रात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली गरोदर व स्तनदा मातांसाठी अंगणवाडीतून चौरस आहाराची तरतूद करण्यात आली. टेट्रासायक्लीन गटातील औषधांनी घडत असलेल्या दातांवर कायमचे डाग पडतात. म्हणून गर्भारपणी व बालकाला आठ वर्षांपर्यंत कोणतेही औषध डॉक्टरांच्या सल्ल्याविना देऊ नये.

दात येताना जुलाब व्हायचेच, ही समजूत घातक आहे. जुलाब जंतुसंसर्गाने होतात. त्यांवर क्षारसंजीवनी व वेळीच उपचार आवश्यक असतात. पहिला दात येताच तो मऊ कापडाने वा लहान ब्रशने स्वच्छ करावा आणि झोपताना गोड दुधाची बाटली बाळाच्या तोंडात ठेवू नये.

दंतवल्क घडण्याची संधी शरीराला एकदाच मिळते. त्या काळात मातेच्या ताटात काय पडते, यावर तिच्या बाळाच्या दातांची बळकटी मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.