बाजरीची चुलत बहीण अंगणात

"पैसे देऊन गवत आनलं?" कुंडी गाडीतून उतरवताना शेजारच्या काकूंनी विचारलं. प्रश्न रास्तच होता. कापूस-तुरीच्या ओळींतलं गवत निंदण्यात अख्खा पावसाळा घालवणाऱ्या केळापूर तालुक्यात गवत विकत आणणारा माणूस वेडाच म्हणायचा. मी एक जांभळट तुरा तोडून त्यांच्या हातात दिला. चिमटीत धरून त्यांनी तो देठाकडून शेंड्याकडे ओढला. "बाजरीचं कनीस हाय का बाप्पा हे?"

काकूंचा अंदाज अचूक होता. रोपवाटिकेत फाउंटन ग्रास नावानं मिळणारं हे गवत आणि बाजरी एकाच प्रजातीतले. नेपिअर, म्हणजे हत्तीगवत, तेही याच गोतावळ्यातलं. मूळ मुलूख आफ्रिका आणि अरबस्तान, त्यामुळे पांढरकवड्याच्या मे महिन्याचं त्याला अप्रूप नाही. अडचण होते ती आपल्या काळ्या मातीची. पावसात ती पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. म्हणून वाफा वीतभर उंच करा, मातीत मुरूम किंवा जाड रेती आणि थोडं शेणखत मिसळा. जागा भर उन्हाची हवी, सावलीत पानांचा लाल रंग उतरून हिरवट होतो. युरियाचा मोह टाळा. पानं माजतात आणि ठोंब मधोमध फाकून आडवा होतो. मूळ धरेपर्यंत नियमित पाणी द्या, पुढे माती वरून वाळली की मगच.

वर्षातून एकदा, थंडी सरताना, ते कापायचं. आधी ठोंबाला सुतळीनं कवळ्यासारखं घट्ट आवळा, मग जमिनीपासून चार-सहा बोटं ठेवून विळा चालवा. सगळं गवत एकगठ्ठा हातात येतं, अंगणभर काड्या होत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ठोंब मध्ये पोकळ पडतो. तेव्हा पावसाळ्याच्या तोंडाशी तो उपटून कुदळीनं फोडायचा आणि कडेचे जोमदार तुकडे लावायचे.

इथवर सगळं गोड आहे. पण याचा हिरव्या पानांचा भाऊ वेगळ्या स्वभावाचा. त्याचं बी वाऱ्यावर, जनावरांच्या अंगावर, गाड्यांच्या चाकांबरोबर फिरतं. हवाईत त्यानं लाव्हाच्या माळरानांवर कब्जा केला. वाळलं की ते भडकतं, सोबतची झाडं जळतात आणि ते स्वतः बुडातून पुन्हा फुटतं. युरोपीय संघानं 2017 साली त्याला उपद्रवी परक्या वनस्पतींच्या यादीत टाकलं. आपल्या दाराशी टिपेश्वरचं अभयारण्य, तालुक्यातून राष्ट्रीय महामार्ग 44 जातो, उन्हाळ्यात वणव्याची धास्ती. गाजरगवत निंदता निंदता ज्यांच्या पिढ्या थकल्या, त्यांना यापुढचं सांगायला नको.

लाल जातीला मात्र उगवणारं बी जवळपास धरतच नाही, ती ठोंब फोडूनच वाढवतात. कुंडीवर बहुधा नुसतं 'फाउंटन ग्रास' लिहिलेलं असतं, तेव्हा चिठ्ठी सोडून पान बघा. हिरवं असेल तर कुंडी परत ठेवा.

हिरवंच हवं असेल तर वाळा लावा ना! तुऱ्याचा डौल तितकासा नाही, पण ठोंब तसाच भरदार. शिवाय उपटला की मुळं धुऊन माठात टाकता येतात.