टॅबलेटवरचा पेला आणि घरचा तांब्या

भूममधल्या आमच्या ओळखीच्या एका ताईंचा आठ वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही. शाळेत त्याला टॅबलेट मिळाला. बोट लावले की चित्र हलते, आवाज येतो. ताई आनंदाने म्हणाल्या, "भाऊ, लेकरू आता तासभर जागेवर बसतंय!"

आम्ही विचारले, "घरी तहान लागली तर पाणी मागतो का?"

ताई गप्प झाल्या.

मूल गुंतले म्हणजे शिकले असे नव्हे. बऱ्याच स्वमग्न मुलांना एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी वापरणे अवघड जाते. म्हणून टॅबलेटवर किती उत्तरे बरोबर आली, एवढ्यावर थांबू नये. टॅबलेट बाजूला ठेवल्यावर मुलाला काय जमते, ते पाहावे. आणि त्याची तुलना दुसऱ्या मुलाशी नको, त्याच्याच कालच्या दिवसाशी करावी.

आम्ही ताईंना एक साधी वही करायला सांगितली. पाणी, जेवण, संडास असे तीन रकाने. मुलाने स्वतः मागितले, खूण केल्यावर मागितले की मागितलेच नाही, एवढेच रोज लिहायचे. शाळेतल्या बाईंनीही तशीच वही ठेवली. दीड महिन्याने दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. शाळेत तो पाण्याच्या चित्रावर बोट ठेवत होता, घरी मात्र रकाना कोराच! कारण टॅबलेटवर काचेचा पेला आणि घरी स्टीलचा तांब्या. ताईंनी तांब्याचा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून माठाशेजारी टांगला. काही दिवसांनी लेकराने तो पुठ्ठा काढून आईच्या हातात दिला. ताईंच्या डोळ्यांत पाणी आले.

यंत्र वाईट नसते. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले 'जेलो' हे ॲप मोफत आहे आणि मराठीतही आहे. चित्रावर बोट ठेवले की फोन मुलाच्या वतीने बोलतो. पण कोणतेही साधन आपल्या मुलाला लागू पडते का, हे वहीच सांगेल.

पालकांनो, हे विचारणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारांत तिची नोंद केली. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. त्याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे प्रत्येक अपंग विद्यार्थ्याच्या सहभागावर व प्रगतीवर लक्ष ठेवणे बंधनकारक आहे.

तेव्हा गंडेदोरे, देवऋषी यांत दिवस घालवू नका. लेकराला 'वेडं' म्हणू नका, म्हणू देऊ नका. वही घेऊन शाळेत जा आणि विचारा: माझे मूल काल काय करू शकत नव्हते, जे आज करते?